रिव्हर्स फ्लॅश: एवढा वेग असून शत्रूला मारता न येणारा व्हिलन

फ्लॅशच्या कॉमिक्समध्ये लेखकांपुढे सुरुवातीपासून एक अडचण आहे, ती म्हणजे हा हिरो इतका फास्ट आहे की त्याच्यासमोर उभं करायचं कोणाला? कॅप्टन कोल्डकडे बर्फाची बंदूक, मिरर मास्टरकडे आरसे, कोणाकडे बूमरँग, ही सगळी मंडळी मजेशीर आहेत, पण खरं सांगायचं तर ज्याला पापणी लवायच्या आत शहर ओलांडता येतं त्याने या लोकांच्या हातातली शस्त्रं ट्रिगर दाबायच्या आधीच काढून घ्यायला हवीत, आणि तो तसं का करत नाही याला काही उत्तर नसतं, आपण वाचक म्हणून ते चालवून घेतो. म्हणून मग सप्टेंबर १९६३ च्या 'द फ्लॅश'च्या १३९ व्या अंकात लेखक जॉन ब्रूम आणि चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांनी फ्लॅशइतकाच वेगवान माणूस आणला. तो पंचविसाव्या शतकातला, नाव इओबार्ड थॉन, टोपणनाव प्रोफेसर झूम, सूट पिवळा आणि त्यावर लाल वीज, म्हणजे फ्लॅशचे रंग बरोब्बर उलटे. हाच रिव्हर्स फ्लॅश.

आता कुठल्याही फॅनला विचारा की बाबा हा जन्मला कधी, मेला कधी, आणि मेला असेल तर परत कसा येतो, की पुढचा अर्धा तास गेला. या माणसाची गोष्ट सरळ रेषेत जातच नाही. पण एक गोष्ट आधी पकडून ठेवली तर बाकीचा गुंता बऱ्यापैकी सुटतो, ती अशी की थॉनचं खरं हत्यार वेग नाही, काळ आहे. वेग हे फक्त त्याचं वाहन.

तरी आधी वेगाचंच बघू, कारण त्यातही भरपूर मजा आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर. समजा एखादा माणूस प्रकाशाच्या फक्त एक टक्का वेगाने पळाला, म्हणजे सेकंदाला ३ हजार किलोमीटर, तर आपली पापणी लवायला जो एक दशांश सेकंद किंवा थोडा जास्त वेळ लागतो तेवढ्यात तो ३०० किलोमीटर पुढे गेलेला असेल. त्याच्या दृष्टीने आपण सगळे पुतळे. पण ७० किलोचा माणूस या वेगाने कशावर आदळला तर त्यातून निघणारी ऊर्जा हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या साधारण पाचपट भरते, म्हणजे कोणाला वाचवणं वगैरे राहू द्या, तो नुसता गल्लीतून पळाला तरी गल्ली शिल्लक राहणार नाही, हवेशी होणाऱ्या घर्षणाने तो स्वतः जळेल ते वेगळंच. कॉमिक्सवाल्यांनी बरीच वर्षं याकडे कानाडोळा केला आणि मग १९९४ मध्ये लेखक मार्क वेडने यावर एक तोडगा काढला, स्पीड फोर्स. ही एक कल्पित शक्ती, सगळ्या वेगवान पात्रांना तिथूनच ताकद मिळते आणि घर्षण, धक्का वगैरे भानगडी तीच सांभाळते. सायन्स म्हणून शून्य, पण गोष्ट चालवायला एकदम सोयीची.

अशा माणसाला हाताची कंपनं इतकी वाढवता येतात की हात भिंतीतून आरपार जातो. फ्लॅश ही युक्ती भिंतीतून जायला किंवा अडकलेल्यांना सोडवायला वापरतो. थॉनने ती कशासाठी वापरली ते पुढे येईलच.

आणि आता काळ. इथे खऱ्या फिजिक्सची थोडी मदत होते, पण अर्धीच. आइनस्टाइनने १९०५ मध्ये दाखवलं की तुम्ही जितके फास्ट जाल तितकं तुमचं घड्याळ इतरांच्या तुलनेत हळू चालतं. हे नुसतं कागदावरचं गणित नाही, १९७१ मध्ये अणुघड्याळं विमानातून जगभर फिरवून आणली तेव्हा त्यांच्या वेळेत खरोखर काही नॅनोसेकंदांचा फरक सापडला. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने एक वर्ष प्रवास करून आलात तर घरच्यांची सात वर्षं झालेली असतील. म्हणजे वेगाच्या जोरावर भविष्यात जाणं तत्त्वतः शक्य आहे, मागे जाणं मात्र या हिशोबात बसत नाही. थॉन नेमका उलट्या दिशेने येतो, पंचविसाव्या शतकातून आपल्याकडे, मागे. त्यासाठी कॉमिक्समध्ये कॉस्मिक ट्रेडमिल नावाचं यंत्र आहे, ते १९६१ मध्येच आलं होतं, त्यावर ठरावीक लयीत पळालं की हव्या त्या काळात पोचता येतं. जिममधल्या मशीनवरून काळाचा प्रवास, यावर हसायचं असेल तर हसून घ्या, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

थॉनला वेग मिळाला कसा? १९६३ ची गोष्ट साधी आहे. विसाव्या शतकातून भविष्यासाठी एक टाइम कॅप्सूल पाठवली गेली, त्यात फ्लॅशचा सूट होता, तो भविष्यातल्या या गुन्हेगार शास्त्रज्ञाच्या हाती लागला, त्याने त्या सूटमधली वेगाची ऊर्जा यंत्राने वाढवली आणि स्वतः पळू लागला. एवढंच. बँक लुटणारा व्हिलन, फक्त भविष्यातला. खरं तर यात फार दम नव्हता.

दम आला तो तीस वर्षांनी, १९९३ मध्ये. मार्क वेडच्याच एका कथानकात असं ठरलं की थॉन आधी फ्लॅशचा शत्रू नव्हताच, तो त्याचा फॅन होता. आणि फॅन म्हणजे साधा नाही, फ्लॅश म्हणजेच बॅरी अ‍ॅलन, तर त्याच्यासारखं दिसावं म्हणून सर्जरी करून चेहरा बदलून घेणारा. हा माणूस आपल्या देवाला भेटायला काळात मागे येतो, पण थोडा चुकतो, पोचतो तेव्हा बॅरी मरून काही वर्षं झालेली असतात. आणि तिथे फ्लॅशच्या म्युझियममध्ये त्याला कळतं की इतिहासात आपलं नाव आहे, पण फ्लॅशचा दोस्त म्हणून नाही तर त्याचा सगळ्यात वाईट शत्रू म्हणून, आणि आपण त्याच्याच हातून मरणार आहोत हेही तिथे लिहिलेलं. ज्याची पूजा केली तोच आपल्याला मारणार, हे वाचून त्याचं डोकं फिरतं. मला विचाराल तर रिव्हर्स फ्लॅश खऱ्या अर्थाने इथे जन्मला, १९६३ मध्ये नाही.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो म्हणून जरा थांबू. या गोष्टीत दोन क्रम आहेत. एक, आपण वाचकांनी अंक ज्या क्रमाने वाचले तो, आणि दुसरा, थॉनने स्वतः जे ज्या क्रमाने जगलं तो. वाचकांनी थॉनचा मृत्यू १९८३ मध्ये वाचला आणि त्याचा काळातला पहिला प्रवास १९९३ मध्ये. थॉनच्या आयुष्यात मात्र तो प्रवास आधी आणि मृत्यू नंतर. म्हणजे 'मेला होता तर परत कसा आला' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इतकंच असतं की तो परत आलेलाच नाही, हा त्याच्या आयुष्यातला आधीचा भाग आहे जो आपल्या काळात नंतर घडतोय. एकदा हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. निम्मंच म्हणतोय, कारण कॉमिक्समध्ये लोक खरोखर मरून परतही येतात, त्याला इलाज नाही.

आता त्याचे गुन्हे. १९७९ मध्ये थॉनने बॅरीची बायको आयरिस हिला एका कॉस्च्युम पार्टीत मारलं, आणि मारलं ते त्याच कंपन करणाऱ्या हाताने, डोक्यात आरपार घालून. त्या काळच्या सुपरहिरो कॉमिक्ससाठी हे भलतंच होतं. (आयरिस मुळात तिसाव्या शतकातली होती आणि पुढे ती तिथे जिवंत आहे असं निघालं, ते आत्ता सोडा.) मग बॅरी कसाबसा सावरला, फिओना वेब नावाच्या मुलीशी लग्न ठरलं, आणि १९८३ मध्ये अगदी लग्नाच्या दिवशी थॉन तिलाही मारायला आला. या वेळी बॅरीने मागून येऊन त्याची मान पकडली आणि त्यात थॉनची मान मोडली. हिरोच्या हातून माणूस मेला म्हणून फ्लॅशवर खुनाचा खटला उभा राहिला आणि तो खटला १९८५ पर्यंत, ती मासिक मालिका बंद होईपर्यंत, चालवला. म्हणजे मेल्यावरही थॉनने बॅरीची दोन वर्षं खाल्ली, आणि याला व्हिलन म्हणून त्याचं यश म्हणायचं की लेखकांचा हट्ट, तुम्हीच ठरवा.

एवढं वाचल्यावर कोणीही विचारेल की ज्याला काळात कुठेही जाता येतं त्याने बॅरीला पाळण्यातच का नाही संपवलं? बायको, होणारी बायको, हे कशाला? उत्तर असं की त्याला ते जमणारच नाही. थॉनला वेग मिळाला फ्लॅशमुळे. फ्लॅश झालाच नाही तर थॉन ज्याचा फॅन होता तो माणूसच नाही, सूट नाही, पळणं नाही, मागे येणं नाही. लहानग्या बॅरीला मारणं म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच तोडणं. आजोबांना मारायला काळात मागे गेलेल्या नातवाचा जो जुना पेच आहे तोच हा, फक्त इथे आजोबांच्या जागी आपला सगळ्यात तिरस्काराचा माणूस आहे.

आणि या एका अडचणीतून त्याचा सगळा स्वभाव तयार होतो. बॅरी जगला पाहिजे, मोठा झाला पाहिजे, त्याच्या अंगावर वीज पडून तो फ्लॅश झालाच पाहिजे, यावर थॉनचं स्वतःचं असणं टिकलंय, तेव्हा त्याला एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे बॅरीचं आयुष्य न मोडता जितकं दुखवता येईल तितकं दुखवणं. इतर व्हिलन जग जिंकायला निघतात, हा माणूस काळाच्या आरपार प्रवास करून कोणाचं तरी बालपण नासवायला जातो. शक्ती देवासारखी आणि वागणं एकदम खुनशी शेजाऱ्यासारखं, हे कॉम्बिनेशन मला दुसऱ्या कुठल्या व्हिलनमध्ये इतकं नीट जमलेलं दिसत नाही.

याचा कळस २००९ मध्ये झाला. जेफ जॉन्सने लिहिलेल्या 'फ्लॅश: रिबर्थ' या मालिकेत एकदम कळलं की बॅरी लहान असताना त्याच्या आईचा, नोराचा, खून झाला होता आणि आळ आला वडिलांवर, ते तुरुंगात गेले. जुने वाचक चक्रावले, कारण जुन्या अंकांत बॅरीचे आईवडील चांगले धडधाकट दाखवले होते. साधारणपणे कॉमिक्समध्ये असा बदल केला की लेखक काही खुलासा करत नाहीत, आता हेच खरं म्हणून पुढे जातात. इथे मात्र खुलासा गोष्टीतच दिला: हो, आधी आई जिवंतच होती, थॉनने मागे जाऊन तिला मारलं आणि बॅरीचा भूतकाळ बदलला, आता बॅरीला स्वतःलाही हाच भूतकाळ आठवतो. म्हणजे लेखकाने जे पेनाने केलं त्याचं खापर व्हिलनवर. हे मला फार हुशार वाटतं. मुळात सुपरहिरो कॉमिक्समध्ये दर काही वर्षांनी पात्रांचा इतिहास बदलला जातोच, थॉन हा असा व्हिलन आहे जो ते काम गोष्टीच्या आत राहून करतो. याच कथेत त्याची स्वतःची ऊर्जाही वेगळी असल्याचं कळलं, निगेटिव्ह स्पीड फोर्स नावाची. बॅरी पळतो तेव्हा स्पीड फोर्स तयार होतो आणि हा पळतो तेव्हा त्याला नासवणारी उलटी शक्ती तयार होते, असा हिशोब.

थॉन हा उद्योग फक्त बॅरीच्या बाबतीत करत नाही. २०११ च्या एका अंकात तो स्वतःच्याच आयुष्यात खाडाखोड करताना दिसतो. भाऊ आडवा आला, मागे जाऊन भाऊच होऊ दिला नाही. एक बाई आवडली, तिने नाही म्हटलं, मग मागे जाऊन तिचं आयुष्य परत परत बदललं, तरी नाहीच. प्रत्येक वेळी त्याला वाटतं की आता सगळं नीट झालं. हा अंक बारीक आहे पण थॉन कळण्यासाठी मोठ्या मोठ्या इव्हेंटपेक्षा जास्त कामाचा आहे.

मग आलं २०११ चं 'फ्लॅशपॉइंट'. एके दिवशी बॅरी उठतो तर जग बदललेलं, आई जिवंत, पण त्याच्याकडे वेग नाही, बॅटमॅनच्या जागी बॅटमॅनचे वडील थॉमस वेन, आणि वंडर वुमन व अ‍ॅक्वामॅन यांच्या युद्धात युरोपची वाट लागलेली. बॅरीला वाटतं हे थॉनचंच काम. शेवटी थॉन समोर येऊन सांगतो की नाही रे, हे तू केलंस, आईला वाचवायला तू मागे गेलास आणि मला थांबवलंस. आणि मग तो जे सांगतो ते आपल्यासाठी महत्त्वाचं: बॅरीने काळाची इतकी मोडतोड केली की थॉन आता इतिहासापासून सुटा झालाय, त्याच्या असण्याला बॅरीची गरज उरलेली नाही, तो एक चालताबोलता पेच झालाय. म्हणजे इतकी वर्षं जे जमत नव्हतं ते आता जमणार, बॅरीला मारता येणार. अगदी त्याच क्षणी थॉमस वेन मागून येऊन त्याच्या अंगात तलवार खुपसतो. इतक्या वर्षांची तयारी आणि पाठीमागे बघायला विसरला. बॅरी परत मागे जाऊन स्वतःलाच थांबवतो, आईला मरू देतो, पण जग पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, आणि त्याच निमित्ताने फ्लॅशची कॉमिक्स छापणाऱ्या डीसी कंपनीने सप्टेंबर २०११ मध्ये ५२ मालिका नव्याने सुरू केल्या. थॉनचं म्हणाल तर इतिहासापासून सुटलेल्या माणसाला मारून काय उपयोग, तो नंतर परत आला, परत मेला, परत आला.

काळाच्या प्रवासाबद्दल साधारण तीन विचार आहेत. एक, जे घडलं ते घडलं, मागे गेलात तरी तुमच्या हातून तेच होईल जे आधीच झालेलं आहे. दोन, मागे जाऊन बदल केला की नवी फांदी फुटते, जुनं जग तिकडे तसंच राहतं. तीन, एकच इतिहास आहे आणि तो खोडून परत लिहिता येतो. थॉनच्या गोष्टी या तिन्हींमध्ये बिनधास्त उड्या मारतात. म्युझियममध्ये स्वतःचं भविष्य वाचणं आणि त्याच रागातून तसंच होऊन बसणं, हा पहिला प्रकार. आईचा खून हा तिसरा. म्हणून एकच नियम धरून सगळं बसवायला गेलात तर डोकं दुखेल, प्रत्येक कथेत कुठला नियम चालू आहे तेवढं बघायचं.

टीव्हीवरच्या मालिकेने, जी २०१४ मध्ये सुरू होऊन २०२३ पर्यंत चालली, हा पेच सगळ्यात स्वच्छ मांडला असं माझं मत. त्यात थॉन २००० साली लहान बॅरीला मारायलाच येतो, ते फसतं, रागाच्या भरात आईला मारतो आणि लगेच त्याचा वेग जातो, घरी परतता येत नाही. आता परत जायचं तर फ्लॅश पाहिजे, आणि फ्लॅश तयार व्हायला अजून कितीतरी वर्षं आहेत. मग हा हॅरिसन वेल्स नावाच्या शास्त्रज्ञाला मारून त्याचा चेहरा घेतो, जे यंत्र २०२० मध्ये चालू व्हायचं ते काही वर्षं आधीच बनवतो, त्यातून बॅरीला फ्लॅश बनवतो आणि स्वतः त्याचा गुरू होऊन त्याला जास्तीत जास्त वेगाने पळायला शिकवतो. ज्याला संपवायला आला त्यालाच घडवत बसला. टॉम कॅव्हनॉने तो गुरू असा केलाय की कधी कधी वाटतं याला बॅरीचं खरंच कौतुक आहे, आणि फॅनची जुनी गोष्ट माहीत असेल तर ते खोटंही वाटत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी थॉनचा पूर्वज एडी स्वतःला गोळी घालतो जेणेकरून हा वंशजच जन्मू नये, थॉन विरून जातो, आणि पुढच्या सीझनमध्ये परत हजर! तिथे दिलेला खुलासा मला तरी लंगडा वाटला.

झूम नावाचा अजून एक आहे, त्याच्याशी घोळ करू नका. हंटर झोलोमन, २००३ पासूनचा झूम. हा पोलिसांसाठी काम करणारा, एका व्हिलनच्या हल्ल्यात अपंग झालेला, त्याने बॅरीनंतर फ्लॅश झालेल्या वॉली वेस्टला विनंती केली की मागे जाऊन माझं हे टाळ, वॉली नाही म्हणाला, म्हणून स्वतःच ट्रेडमिलवर चढला आणि स्फोट झाला. गंमत म्हणजे तो पळतच नाही, त्याच्यापुरता काळ बदलतो, म्हणून फास्ट दिसतो. आणि त्याचं म्हणणं असं की हिरोच्या आयुष्यात दुःख आलं तरच तो चांगला हिरो होईल, तेव्हा मी वॉलीला मदत करतोय. थॉनला असलं काही तत्त्वज्ञान लागत नाही, तो सरळ द्वेष करतो.

वाचायला सुरुवात करायची असेल तर १९६३ च्या अंकापासून करू नका, तो ऐतिहासिक म्हणून ठीक आहे पण त्यात आजचा थॉन सापडणार नाही. आधी १९९३ ची बॅरी परत येण्याची कथा, थॉन फॅन निघाला तीच, म्हणजे दुसऱ्या मालिकेचे ७४ ते ७९ हे अंक, मग 'रिबर्थ', मग २०११ चा तो खाडाखोडीचा अंक, जो त्या वेळच्या मालिकेचा ८ वा आहे, आणि त्यानंतर 'फ्लॅशपॉइंट'. आयरिसचा खून आणि खटला हे मधल्या काळातलं नंतर वाचलं तरी चालतं, खटला तर बराच ताणलाय, त्यातले काही अंक गाळलेत तरी काही बिघडणार नाही.